चित्रातला कणा आणि पाठीतला कणा

सीटी स्कॅनवरून तयार केलेले पाठीच्या कण्याचे त्रिमितीय चित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस हरखून जातो. काळ्या पडद्यावर हस्तिदंती रंगाचा कणा, माऊस हलवला की गर्रकन वळणारा. प्रत्येक मणक्याचे मागे झुकलेले टोक वेगळे, फासळ्या जिथे टेकतात त्या खोबणीही स्पष्ट. शेजारी लावलेली करड्या कापांची फिल्म त्यापुढे अगदीच बापुडवाणी वाटते. फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो, हे चित्र मात्र शाळकरी पोरालाही कळते. माझी तक्रार या सोपेपणाशी आहे. चित्र जितके जिवंत दिसते, तितके ते मूळ मोजणीपासून लांब आलेले असते आणि त्या वाटेवर कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची एकही खूण त्यावर उरत नाही. ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते बनवले, तर त्याच्यासारखे साधन नाही. प्रश्न न ठरवता पाहिले, तर ते रुग्णाला आणि प्रसंगी डॉक्टरलाही भलत्याच दिशेला नेते.

सीटी यंत्र मुळात चित्र काढतच नाही, ते मोजते. 1895 मध्ये रॉंटगेनने शोधलेल्या क्ष-किरणांनी शरीराची सावली मिळाली. पण सावलीत पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडते; कण्यासारख्या खोल आणि गुंतागुंतीच्या हाडाचा तर त्यात पार गोंधळ होतो. अनेक दिशांनी घेतलेल्या मोजमापांवरून आतली रचना उलगडता येते, हे योहान राडोन या गणितज्ञाने 1917 मध्येच दाखवून दिले होते. त्या कामाची कल्पना नसलेल्या ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाला हाच प्रश्न केपटाऊनच्या एका रुग्णालयात काम करताना पडला. त्याने 1963 आणि 1964 मध्ये आपली उत्तरे छापली आणि त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतला इंजिनिअर गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड स्वतंत्रपणे तिथेच पोचला. 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ती प्रतिमा 80 बाय 80 चौकटींची होती. 1979 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता, ही नुसती गंमत नव्हे. सीटी हे जन्मापासून गणिताचे अपत्य आहे.

प्रत्येक चौकटीत जो आकडा येतो, त्याचे एकक हाऊन्सफिल्डच्याच नावाचे. पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, स्नायू 50 च्या आगेमागे आणि घट्ट हाड कित्येक शेकड्यांपासून हजाराच्याही पुढे. आजच्या यंत्रात एका कापात 512 बाय 512 चौकटी असतात. कमरेच्या कण्याचे असे 400 पातळ काप घेतले, तर हाती दहा कोटींहून अधिक आकडे येतात. आकड्यांच्या या ढिगात कुठेही ‘मणका’ असे लिहिलेले नसते. मणका कुठे संपतो आणि स्नायू कुठे सुरू होतो, हे नंतर ठरवावे लागते.

ते ठरवण्याची सर्वांत गाजलेली रीत 1987 ची. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन विभागातल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी मांडलेली ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत दिसायला सोपी आहे. आकड्यांच्या त्या त्रिमितीय जाळ्यातला एकेक छोटा घन घ्यायचा, त्याच्या आठ कोपऱ्यांवरचे आकडे पाहायचे आणि प्रत्येक कोपऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: तू आधी ठरवून दिलेल्या आकड्याच्या, म्हणजे सीमामूल्याच्या, वर की खाली? आठ कोपरे, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणजे 256 शक्यता. सारख्या शक्यता एकत्र केल्या की उरतात 15. प्रत्येकीसाठी त्रिकोणांची मांडणी आधीच ठरलेली. घनामागून घन असे त्रिकोण जोडत गेले की पृष्ठभाग तयार. मात्र काही मांडण्यांमध्ये कोपरे अशा तिरक्या जोड्यांनी वर-खाली येतात की पृष्ठभाग दोन तऱ्हांनी जोडता येतो. मूळ पद्धतीत अशा ठिकाणी कधीकधी भोक पडत असे आणि ते भोक शरीरात नसे. पुढे ही त्रुटी दुरुस्त झाली. सीमामूल्य निवडण्याचा प्रश्न मात्र दुरुस्त होण्यासारखा नव्हताच, कारण ती त्रुटी नव्हे, माणसाने करायची निवड आहे.

या निवडीने काय होते, ते जवळून पाहू. इनव्हेसालियस नावाची ब्राझीलमध्ये तयार झालेली एक मोफत प्रणाली आहे. तिच्यात ‘हाड’ हा पर्याय निवडला की सीमामूल्य 226 वर येते. समजा, सत्तरी ओलांडलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या एखाद्या आजींचा स्कॅन तिच्यात उघडला. 226 वर त्यांच्या मणक्यांना जागोजागी भोके दिसतील. मागची पातळ पाटी तर चाळणीसारखी. घरच्यांनी हे चित्र पाहिले तर धसका घेतील. प्रत्यक्षात तिथे हाड आहे. पण ते इतके पातळ आणि विरळ आहे की त्या चौकटीत हाड आणि आजूबाजूचा मऊ भाग यांची सरासरी पडून आकडा 226 च्या खाली गेला. आता पट्टी सरकवून सीमामूल्य 120 वर आणा. भोके बुजतात, कणा गुळगुळीत होतो. पण दोन मणक्यांच्या मागच्या सांध्यातली बारीक फटही बुजते आणि मोकळा सांधा जखडल्यासारखा दिसू लागतो. स्नायूंच्या जागी हाडाची धूळ उडाल्यासारखे ठिपके येतात. मग तंत्रज्ञ माऊसने ती साफसफाई करतो. काय पुसले, काय ठेवले, याची नोंद अंतिम चित्रावर नसते. आजी त्याच, स्कॅन तोच, कणे मात्र दोन. त्यांतला ‘खरा’ कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. सांध्याची फट पाहायची असेल तर एक बरा, मागची पाटी शाबूत आहे का हे पाहायचे असेल तर दुसरा.

याच आजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते आणि माझ्या दृष्टीने ती जास्त गंभीर आहे. पृष्ठभाग काढला की आतले आकडे चित्रातून बाद होतात. चित्राला फक्त साल उरते. पण कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाची सरासरी घनता किती, हा आकडा त्या स्कॅनमध्ये फुकट बसलेला असतो. पेरी पिकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले की दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या पोटाच्या सीटीमधून हा आकडा वाचता येतो. तो 110 च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शंका बळावते. मणक्यात बसवलेला स्क्रू धरेल की सैल होईल, हेसुद्धा बऱ्याच अंशी याच आतल्या हाडावर अवलंबून असते. म्हणजे डोळ्यांना सुखावणारे चित्र बनवताना आपण त्या स्कॅनमधला एक अत्यंत उपयोगी आकडा टाकून देतो. करड्या कापांवर तो क्षणात मोजता येतो.

पृष्ठभागाच्या या मर्यादा जाणकारांना सुरुवातीपासून ठाऊक होत्या. म्हणून 1988 मध्ये मार्क लेव्हॉय यांनी आणि त्याच वर्षी पिक्सारच्या संशोधकांनी दुसरी वाट दाखवली. ‘आत की बाहेर’ असा रोखठोक निवाडा न करता प्रत्येक आकड्याला थोडा रंग आणि थोडी पारदर्शकता द्यायची आणि त्यातून प्रकाश पलीकडे जातो आहे असे गणित करायचे. पिक्सार म्हणजे पुढे ॲनिमेशनपटांसाठी जगभर नाव कमावलेली तीच कंपनी. 1986 मध्ये ती स्वतःचा इमेज कॉम्प्युटर विकत होती आणि रुग्णालये हे तिचे अपेक्षित गिऱ्हाईक होते. चक्र नंतर पूर्ण फिरले. आज ‘सिनेमॅटिक रेंडरिंग’ या नावाने चित्रपटातली प्रकाशयोजना वैद्यकीय प्रतिमांना लावली जाते. मणक्याच्या कडेवर चमक येते, खोबणीत सावली पडते. पाठीच्या आत कधीच दिवा लागलेला नसतो. सीटीच्या आकड्यांना रंगही नसतो. हस्तिदंती हाड, लालसर स्नायू हे सगळे रंगतालिकेतून आलेले. खोलीचा अंदाज यायला सावली मदत करते, हे खरे. पण सावलीने जी खात्री वाटते ती आकड्यांनी दिलेली नसते, हेही तितकेच खरे.

मग हे सगळे सोडून द्यावे का? मुळीच नाही. आडव्या कापांवर भिस्त ठेवली तर काय होते, याचा इतिहासही आहे. ब्रिटिश रेडिओलॉजिस्ट जी. क्यू. चान्स यांनी 1948 मध्ये मणक्याच्या एका विशिष्ट मोडीचे वर्णन केले. मोटारीत फक्त कमरेचा पट्टा लावलेला माणूस अपघातात पुढे फेकला जातो आणि मणका आडवा चिरतो. चीर आडवी, कापही आडवे. दोन कापांच्या मध्ये ती सहज लपते. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या खुंटीसारख्या भागाची आडवी मोडही अशीच निसटते. तेच आकडे उभ्या छेदात मांडले की चीर समोर येते. 1983 मध्ये फ्रान्सिस डेनिस यांनी कण्याचे तीन स्तंभ कल्पून मोडींची जी विभागणी केली, तिच्यामागेही सीटीने दाखवलेला मधला स्तंभ होता. जन्मतः अर्धाच मणका असलेले मूल, दोन मणके एका बाजूने जुळलेले मूल यांच्या पाठीचा बाक नेमका कुठून सुरू होतो, हे त्रिमितीय चित्राइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

शस्त्रक्रिया ठरली की चित्राचे मोल आणखी वाढते. मणक्यात स्क्रू बसवायचा तो पेडिकल नावाच्या हाडाच्या अरुंद खिंडीतून. पाठीच्या मधल्या भागात तिची रुंदी कित्येकांत जेमतेम चार-पाच मिलिमीटर. आतल्या बाजूला मज्जारज्जू, पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. मानेच्या वरच्या टोकाला तर मेंदूकडे जाणारी धमनी हाडातून वळणे घेत जाते आणि तिचे वळण माणसागणिक वेगळे असते. या भागाच्या शस्त्रक्रियेत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी पहिल्या दोन मणक्यांना प्लेट व स्क्रूने जोडण्याची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या हार्म्स यांनी 2001 मध्ये तिच्यात फेरफार मांडले आणि आज जगभरचे शल्यविशारद तिला गोयल-हार्म्स पद्धत म्हणतात. अशा ठिकाणी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंट केलेला हाडाचा नमुना शस्त्रक्रियेआधी हातात घेऊन पाहता येतो. पण इथे शल्यविशारदाचा प्रश्न ठरलेला असतो: धमनी कुठून जाते, स्क्रू किती लांबीचा, कोन किती. प्रश्न ठरलेला असल्याने सीमामूल्य कुठे ठेवायचे, हेही त्याला कळते. शंका आली की तो करड्या कापांकडे परत जातो.

त्यालाही एक भान ठेवावे लागते. स्कॅनच्या वेळी रुग्ण उताणा असतो, कण्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांत तो पालथा असतो आणि आयुष्य तो उभ्याने काढतो. तिन्ही स्थितींत मणक्यांची एकमेकांशी जुळणी वेगळी. म्हणूनच स्क्रूला वाट दाखवणाऱ्या संगणकीय प्रणालीत आधीचा स्कॅन वापरायचा असेल, तर प्रत्येक मणका स्वतंत्रपणे जुळवून घ्यावा लागतो. अख्खा कणा एकसंध धरून चालत नाही. बाकाचे माप तर उभ्यानेच घ्यायचे असते. 1948 पासून चालत आलेला कॉब कोन उभ्या एक्स-रेवर मोजतात आणि तो 10 अंश झाला की स्कोलिओसिस म्हणतात. आडवे झाले की बाक कमी दिसतो, कारण अंगाचा भार उतरलेला असतो. ही अडचण ओळखूनच नोबेलविजेते जॉर्ज शारपाक यांच्या शोधावर बेतलेली ईओएस ही यंत्रणा आली. ती रुग्णाला उभा ठेवून एकाच वेळी दोन दिशांनी, कमी किरणांत प्रतिमा घेते. सीटीचे चित्र त्रिमितीय असले, तरी ते झोपलेल्या कण्याचे असते.

आता संगणक स्वतःच मणके ओळखून, वेगवेगळ्या रंगांत रंगवून, नावे लावून देतो. बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयातून 2023 मध्ये आलेली टोटलसेगमेंटेटर ही प्रणाली बाराशेवर सीटी स्कॅनवर शिकवलेली आहे. काम झटपट आणि बहुतेक वेळा नेटके होते. पण सगळ्यांच्या कमरेला पाचच मणके नसतात. काहींना चार, काहींना सहा. काहींचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला अर्धवट चिकटलेला. स्कॅन फक्त कमरेचा असेल, तर वरून मोजत यायची सोयच नसते. अशा वेळी पडद्यावरची ठाशीव रंगीत नावे पाहून ‘चौथा-पाचवा’ म्हणायचे आणि चुकीच्या पातळीवर चीर द्यायची, हा धोका कागदावरचा नाही. रंगवलेला मणका मोजलेल्या मणक्यापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो, एवढेच त्याचे कारण.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे कण्याच्या स्कॅनची मागणी प्रामुख्याने शस्त्रक्रियेसाठी होत नाही, ती कंबरदुखीसाठी होते. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’ ही वाक्ये आपल्या घराघरांत फिरत असतात. दुखणे महिनाभर लांबले की कोणीतरी म्हणतेच, ‘एकदाचा स्कॅन करूनच टाक, म्हणजे काय ते कळेल.’ काय कळते? 1984 मध्ये सॅम वीझेल आणि सहकाऱ्यांनी कधीही पाठ न दुखलेल्या 52 जणांचे कमरेचे सीटी स्कॅन काही खऱ्या रुग्णांच्या स्कॅनमध्ये मिसळून तज्ज्ञांकडून वाचून घेतले. कोणाचा कोणता हे तज्ज्ञांना सांगितले नव्हते. दुखणे नसलेल्यांपैकी सरासरी 35.4 टक्के स्कॅन ‘बिघाड’ म्हणून वाचले गेले, चाळिशीपुढच्यांत निम्मे. 2015 मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी दुखणे नसलेल्या 3,110 जणांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा घेतला. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत गादीची झीज सापडली. केस पिकतात तशी गादी झिजते. ती झीज आणि तुमचे आजचे दुखणे यांची गाठ कोणतेही चित्र आपणहून बांधून देत नाही.

दिसण्याचा परिणाम मात्र होतो. 2001 च्या एका ब्रिटिश चाचणीत कंबरदुखीच्या 421 रुग्णांपैकी निम्म्यांचा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीने एक्स-रे काढला, निम्म्यांचा नाही. तीन महिन्यांनी एक्स-रे काढलेल्यांत अजून दुखते म्हणणारे जास्त होते. तरीही मिळालेल्या उपचारांबद्दल समाधानी तेच अधिक होते आणि पर्याय मिळाला तर एक्स-रे काढूच, असे म्हणणारे दोन्ही गटांत 80 टक्के होते. हे साध्या सपाट एक्स-रेचे. वळवून, रंगवून दाखवलेला झिजलेला कणा मनात किती खोल बसत असेल, याचा अंदाज बांधता येतो. माणूस वाकायचा थांबतो, कळशी उचलत नाही, चालणे कमी करतो. दुखऱ्या पाठीला जे हवे असते, नेमके तेच तो सोडून देतो. शिवाय किरणांचा हिशेब आहेच. कमरेच्या सीटीत साधारण 6 मिलिसिव्हर्ट इतके किरण अंगात जातात, म्हणजे निसर्गातून दोन-अडीच वर्षांत मिळतात तेवढे. गरज असेल तेव्हा ही किंमत क्षुल्लक आहे, नसेल तेव्हा ती फुकटची आहे.

गरज कधी असते, हे सांगणे अवघड नाही. पडल्यावर किंवा अपघातानंतर असह्य दुखणे, कॅन्सरचा इतिहास, ताप आणि वजन घटणे, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे. आपल्याकडे यात मणक्याचा क्षयही धरावा लागतो. अशा वेळी उशीर करणे गुन्हा आहे, मग एमआरआय असो वा सीटी. गादी आणि नस पाहायला एमआरआय, हाड पाहायला सीटी, हा भेदही रुग्णाला सांगितला गेला पाहिजे. सीटीच्या सुंदर हाडांच्या चित्रात दबलेली नस दिसत नाही. तिथे ती असतच नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या रुग्णाला त्याच्याच शरीराबद्दल अंधारात ठेवले गेले. इंग्रजी रिपोर्ट, न समजणारी फिल्म, वर डॉक्टरांची घाई. आता कुठे त्याला स्वतःचा कणा कळेल असा दिसू लागला, तर लगेच ‘जपून पाहा’ असा सल्ला? चित्र लपवा, असे माझे म्हणणे नाही. अधिक दाखवा, असे आहे. रुग्णाला सुटे रंगीत प्रिंट न देता स्कॅनचे मूळ आकडे असलेल्या, डायकॉम नावाच्या फाइली द्याव्यात. इनव्हेसालियससारखी साधने मोफत आहेत. ब्राझीलच्या कॅम्पिनास इथल्या सरकारी संशोधन केंद्राने ती 2001 पासून उभी केली. ज्याला रस आहे तो सीमामूल्याची पट्टी स्वतः सरकवून पाहील आणि एकदा आपल्याच मणक्यांतली भोके उघडझाप करताना पाहिली की अशा चित्राकडे तो पुन्हा भाबडेपणाने पाहणार नाही. ज्याला रस नाही, त्याच्यासाठी चित्राच्या कोपऱ्यात चार गोष्टी छापाव्यात: कापाची जाडी, सीमामूल्य, रुग्ण झोपलेला होता की उभा आणि हे चित्र कोणत्या प्रश्नासाठी बनवले. नकाशावर प्रमाण छापल्याशिवाय तो कोणी स्वीकारत नाही. कण्याच्या चित्राला वेगळा नियम का?

यातली चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती लिहायची तर स्कॅनची चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरला आधी प्रश्न ठरवावा लागेल आणि प्रश्न सापडला नाही, तर स्कॅनही नको, हे त्याच्याच लक्षात येईल. रुग्णानेही चिठ्ठी हातात घेताना विचारावे: ‘डॉक्टर, यात अमुक दिसले तर तुम्ही काय कराल आणि नाही दिसले तर काय?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ते चित्र कितीही देखणे निघाले तरी उपचार तसूभरही बदलणार नाहीत. मग ते काढायचे कशाला, एवढेच विचारायचे उरते.